चांदीच्या पोटातलं सोनं

आबा,

मी चोरी केली नव्हती. पत्राची सुरुवात खुशालीने करावी असं मला धुळ्याच्या शाळेत शिकवलं होतं, पण तुमची खुशाली आता कुणाला विचारायची, आणि माझी विचारायचं तुमच्या कधी मनात आलं नाही. म्हणून जे छातीवर धरून ठेवलंय तेच आधी लिहून मोकळी होते. तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली. तुमच्याच वयाची झाले आहे, गुडघेही तुमच्यासारखेच बोलतात. लिहायचं कारण असं की काल माझी नात ओसरीवर बसून विज्ञानाचं पुस्तक मोठ्याने वाचत होती आणि मी शेजारी गवार मोडत होते. वाचता वाचता ती म्हणाली, पदार्थ अतिशय सूक्ष्म झाला की त्याचे गुणधर्म बदलतात. मी म्हटलं, परत वाच. तिने वाचलं. अजून एकदा वाच म्हटलं, तर म्हणते, "आजी, ऐकू येत नाही का तुला?" ऐकू आलं होतं गं बाई. छापलेलं कानावर पडायला इतकी वर्षं गेली, एवढंच. हेच वाक्य मी तुम्हांला तुमच्याच दारात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, हातात पिशवी घेऊन सांगितलं होतं. तेव्हा अहिराणीत सांगितलं होतं, आता लिहिताना हातून शाळेतली मराठी उतरते, पण मजकूर तोच आहे.

तुम्ही मला काम शिकवलं नाही, हे तुम्ही सगळ्या गल्लीला सांगायचात आणि ते खरंच होतं. तुम्ही जळगावातले तार ओढणारे. साखळ्या घडवणारे कारागीर तुमच्याकडून तार घेऊन जायचे आणि म्हणायचे, आबांची तार म्हणजे टोकापासून टोकापर्यंत एकसारखी. मुलगा, म्हणजे माझा नवरा, कचेरीत चिकटला, त्याला काळे हात नको होते. मग तुमचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जोर लावायचा नाही. त्या आठवड्यात तुम्ही मला हाक मारलीत, ती चहासाठी असेल असं मला वाटलं. तुम्ही जंत्री दाखवलीत. पोलादी पट्टी, तिला ओळीने भोकं, पहिल्यात करंगळी जाईल आणि शेवटच्यातून केस जाताना विचार करील. तारेला टोक काढायचं, मेण लावायचं, भोकातून घालायचं, पलीकडून सांडशीत धरायचं आणि ओढायचं. मग पुढचं भोक, मग त्यापुढचं. "वढ, पन वरबाडू नको," एवढं तुम्ही म्हणालात. दहा वर्षांत मला मिळालेला धडा तेवढाच. बाकीचं मी बघून घेतलं. तार कडक झाली की कसा आवाज करते, ती पुन्हा मऊ करायला विस्तवावर ताव देताना सोन्याचा रंग कुठे थांबवायचा, तुम्ही कोणत्या भोकापाशी थांबून थुंकी गिळता, हे सगळं मी पोळ्या लाटता लाटता तिरक्या नजरेने शिकले. गल्लीत बायका विचारायच्या, "सासऱ्यानी शिकाडं का गं?" मी म्हणायचे, त्यांनी बसू दिलं. खोटं नव्हतं ते.

माझा धाकटा भाऊ धुळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत सहाय्यक होता, तुम्ही त्याला बाटल्या धुणारा म्हणायचात. तो एका दिवाळीत भाऊबीजेला आला आणि ताट पुसत म्हणाला, "अक्का, आमच्या सरांना सोन्याची तार हवी. केसाच्या शंभराव्या भागाएवढी. जमली तर हजाराव्या."

मी म्हटलं, "तुझे सर बरे आहेत ना रे?"

"बरे आहेत. तारेतून वीज सोडून बघायचीय. जाड तारेचा हिशेब बारीक तारेला लागू पडतो का."

"जी दिसणार नाही ती तार ते मोजणार कशी?"

"मोजायचं आम्ही बघू. ओढायची कशी ते तू सांग. मुंबईहून आणलेली तार केसासारखी निघाली, सर दोन दिवस जेवले नाहीत."

मी हसले आणि विसरले असं मला वाटलं. पण डोक्यात ते घर करून बसलं. आपल्या जंत्रीच्या शेवटच्या भोकापलीकडे भोकच नव्हतं, आणि त्या भोकातसुद्धा निखळ सोनं शेवटी शेवटी पटकन तुटायचं. त्याहून बारीक ओढायला धरणार कशाला, सांडशीला की श्वासाला? उत्तर मिळालं ते चुलीपाशी. घरी पाहुणे होते म्हणून मांडे करायला घेतले होते. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, गोळा हातावर घ्यायचा, आणि कोपरापर्यंत फिरवत फिरवत धोतराएवढा पातळ करून उलट्या खापरावर टाकायचा. पुरणाला कोणी लाटत नाही. पारी पसरते आणि आतलं पुरण तिच्याबरोबर आपोआप पसरतं, पारीच्या मापाने. मी मांडा हातावर घेऊन तशीच उभी राहिले. सोन्याचं पुरण करायचं, चांदीची पारी करायची. दोघांना एकत्र ओढायचं. चांदी केसाएवढी झाली की सोनं तिच्या आत तिच्या कितीतरी पट बारीक झालेलं असणार. आणि मग पारी तेजाबात विरघळवून टाकायची. चांदी विरघळते, सोन्याला तेजाब शिवत नाही, हे तर आपल्या घरात बाळालाही माहीत. मांड्याला त्या दिवशी भोक पडलं. तुम्ही म्हणालात, "ध्यान कुठे शे?" ध्यान कुठे होतं ते आज सांगते आहे.

सोनं माझं होतं, आबा. लग्नात आईने घातलेल्या बुगड्यांपैकी एक. ती गाळली, तेजाबात धुऊन निखळ केली, आणि तार ओढली. चांदी माझ्या पैंजणांची. दुपारी तुम्ही आडवे व्हायचात, तेव्हा मी तुमचं गिरमिट घेऊन चांदीच्या कांडीला उभं भोक पाडायचे, त्यात सोन्याची तार बसवायचे आणि ओढायला लागायचे. पहिली खेप वाया गेली. सवयीप्रमाणे मधे मधे ताव देत गेले, आणि तेजाबात टाकल्यावर तारेऐवजी तळाशी तपकिरी चूर बसला. दोन दिवस चूर बघत बसले, मग कळलं: तापवलं की सोनं चांदीत शिरतं, दोन्ही एकजीव होतात. मग ठरवलं, सोनं आत घातल्यावर विस्तव दाखवायचाच नाही. मेण भरपूर, भोक एकही सोडायचं नाही, घाई नाही. अशी एक तार ओढली. तिचा तुकडा दुसऱ्या कांडीच्या पोटात घालून परत ओढला. त्याचा तुकडा तिसऱ्या कांडीत. तीन फेऱ्यांत पावसाळा गेला आणि हिवाळाही. तिसऱ्या फेरीच्या एका तुकड्याचा मधला भाग काचेवर ठेवून त्यावर तेजाबाचा थेंब टाकला. चांदी विरली. काचेवर काहीच उरलं नाही. मी रडकुंडीला आले. मग काच खिडकीशी तिरकी धरली, तर उन्हात एक लकेर आली आणि गेली. तुमच्याशिवाय हे कुणाला दाखवावं असं माझ्या मनात आलं नाही, आणि तुम्हांलाच दाखवायची हिंमत नव्हती. ती मी आखाजीनंतर करणार होते, धुळ्याहून सरांचा शब्द घेऊन आल्यावर.

आता ती आखाजी. ऊन असं की एसटीचा पत्रा हाताला चटका देतो. मी माहेरी निघाले आहे, पिशवीत दोन लुगडी, आणि त्यांच्यावर पहिल्या फेरीची आणि तिसऱ्या फेरीची अशा दोन गुंडाळ्या, कापसात. तुम्ही ओसरीवर बसलेले. पिशवीतून चांदी चमकली असेल. तुम्ही हात पुढे केलात आणि मी गुंडाळी दिली, कारण मला भ्यायचं कारण नव्हतं. तुम्ही तुमच्या सवयीने पहिल्या फेरीच्या तारेचं टोक कानशीने तिरकं घासलंत आणि भिंग डोळ्याला लावलंत. चांदीच्या मधोमध पिवळा ठिपका, सुईच्या अणीहून लहान. दुसऱ्या कोणत्याही माणसाने त्याला डाग म्हटलं असतं. तुम्ही सोनार होतात.

"हाई काय शे?"

मी काही बोलण्याआधी तुम्हीच म्हणालात, "चांदीना पोटमा सोनं? आखाजीले माहेर जाई राहिनी, अन् संगे हाई?"

"मनी बुगडीनं शे आबा."

"मंग लपाडं कसाले?"

"लपाडं नही. बारीक करं."

"बारीक करीसन काय व्हई? गुंजभर राहो का तोळाभर, सोनं ते सोनंच."

आणि मी बोलले. बोलू नये ते, सरांची नुसती शंका होती ते, खात्रीने बोलले. "नही आबा. भलतंच बारीक व्हयनं का सोनाना सभाव बदलस."

चोरीपेक्षा ह्याचा तुम्हांला राग जास्त आला, हे मी तुमच्या तोंडावर पाहिलं. तुमचा सगळा जन्म एका गोष्टीवर उभा होता, की गिऱ्हाईक बदलेल, भाव बदलेल, सोनं बदलणार नाही. तुम्ही कारागिरांच्या गोष्टी सांगायचात, गिऱ्हाइकाचं सोनं चांदीच्या भंगारात लपवून घरी नेणाऱ्यांच्या, आणि तशी हुशारी तुमच्या घरात सून करते आहे असं तुम्हांला दिसलं. "सातवी शिकेल बाई माले सोनं शिकाडी राहिनी," असं तुम्ही तुमच्या मुलाला सांगितलंत. तो उंबऱ्यापाशी चपला शोधत होता. दोन्ही चपला त्याच्या पायांत होत्या. "आते जंत्रीले हात लावानं नही," तुम्ही म्हणालात. मी गुंडाळी तुमच्या हातातून ओढून घेतली आणि स्टँडवर गेले. पारोळ्यापर्यंत रडले, पारोळ्याच्या पुढे डोळे कोरडे झाले आणि मग फक्त राग उरला. तो बराच टिकाऊ निघाला.

धुळ्याला काय झालं ते तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, तर आता ऐका. कॉलेजला सुट्टी होती. सरांनी आमच्यासाठी प्रयोगशाळा उघडली. भावाने काचेवर तिसऱ्या फेरीची तार बसवली, मधली चांदी तेजाबाने विरवली, दोन्ही टोकांना चांदी तशीच ठेवलेली, जोडायला सोय म्हणून. वीज सोडली. सरांनी वहीत हिशेब केला, परत केला, चष्मा काढला. तारेने विजेला जितकं अडवायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त अडवलं होतं. सर अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, सोन्यात थोडी भेसळ राहिली असेल. हातून होतं."

काय नशीब बघा. चार दिवसांपूर्वी सासऱ्याने चोर ठरवलं, आता मास्तरने भेसळवाली. माझ्या भावाने मान खाली घातली, त्याला वाटलं अक्का आता उठून जाईल. मी उठले नाही. मी म्हटलं, "सर, ही पहिल्या फेरीची तार. ह्याच बुगडीचं सोनं, ह्याच चांदीतून गेलेलं, आणि आत घातल्यापासून दोघींनी विस्तव पाहिलेला नाही. हीच पुढे ओढून ती बारीक झाली. आधी हिला मोजा. भेसळ असेल तर हिच्यातही असेल."

त्यांनी मोजलं. पहिल्या फेरीची तार निखळ सोन्यासारखी वागली, हिशेबाला तंतोतंत. तिसऱ्या फेरीची परत मोजली, ती परत आडमुठी. सरांनी दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. मग त्यांनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची पुढे केली आणि समजावून सांगायला लागले. मोठ्या पुस्तकांत हे असतं, म्हणाले, पण पुस्तकात असणं वेगळं आणि आपल्या टेबलावर होणं वेगळं. मी माझ्या भाषेत समजून घेतलं ते असं. तारेतून वीज नेणारे कण रुंद रस्त्याने मजेत जातात, पण रस्ता बोळाएवढा झाला की बैलाची शिंगं दोन्ही भिंतींना घासायला लागतात. चाल मंदावते, बैल तोच असला तरी. दुसरं असं की खळ्यावर ज्वारीची रास घातली तर पहाटेच्या दवाने वरचेच दाणे ओले होतात, आतले कोरडे राहतात. तीच ज्वारी मूठभर पसरा, प्रत्येक दाणा ओला. तसं जाड तारेत बहुतेक कण आत, चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेले. बारीक, आणखी बारीक करत गेलं की बहुतेक जण कडेला येतात, त्यांना धरणारे कमी. म्हणून तसलं सोनं लवकर वितळतं, रंग वेगळा दाखवतं, आणि तार तेवढ्या जाडीच्या मानाने जास्त ताण सोसते, कारण तिच्यात खोट मावायलाच जागा नसते. हे सगळं आमच्या तारेत दिसलं असं मी म्हणत नाही. आमच्या तारेत विजेचं दिसलं. बाकीचं आमच्या तारेहूनही बारीक असलं की होतं, असं सर म्हणाले. पुढे ह्या असल्या तारांना नॅनोवायर हे नाव आलं, भावाने वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं.

आणि तुम्हांला हे अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. मूर्तीला सोन्याचा वर्ख लावायचं काम आलं होतं तेव्हा तुम्हीच एक पान चिमट्यात धरून सूर्यासमोर नेलंत आणि मला बोलावून दाखवलंत, पलीकडचं ऊन हिरवट दिसतं ते. पिवळं सोनं, आणि उजेड हिरवा. "गंमत शे," म्हणालात आणि पान ठेवून दिलंत. तुम्ही बघितलं, आबा, आणि पुढे विचारलं नाही. मी विचारलं. माझा गुन्हा काढायचाच तर तो एवढा निघेल.

परत आले तेव्हा तुमचं कपाटातलं सगळं सोनं तोलून झालं होतं, हे मला तुमच्या मुलाने सांगितलं. रतीभरही कमी नव्हतं. त्यानंतर तुम्ही चोरीचा शब्द काढला नाहीत आणि मागेही घेतला नाहीत. जंत्री कुलपात गेली. मी माफी मागावी म्हणून शेजारच्या काकूंकरवी निरोप आला, मी म्हटलं, कशाची ते लिहून द्या. मग भावाने धुळ्याच्या जुन्या बाजारातून एक जंत्री आणून दिली, गंजलेली, चार भोकं बुजलेली. ती मी तेलात ठेवून, घासून, स्वयंपाकघरात कट्ट्याला बसवली. कॉलेजसाठी सहा-सात वर्षं तारा ओढल्या. सर बदलून गेले, दुसरे आले, त्यांनाही ओढून दिल्या. एका डबीवर भावाने माझं नाव टाइप करून चिकटवलं, ती डबी अजून आहे. गल्लीत लोक म्हणायचे, सासरा ओसरीवर रिकामा बसतो आणि सून चुलीपाशी तार ओढते, कलियुग आहे. तुम्हांला आवाज ऐकू यायचा. भोकातून तार सुटताना जी शीळ निघते ती भिंतीतून जाते. तुम्ही ओसरीवर बोलता बोलता थांबायचात, मी आतून मोजायचे किती वेळ थांबलात. मी जरा जास्तच ओढायचे तेव्हा. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. नातीच्या वहीची पानं आहेत, ती वही मागेल तेव्हा मधून काढून घेईन. टाकायचं नाही म्हणूनच शेवटचंही लिहिते. तुम्हांला पोचणार असतं तर लिहिलं नसतं.

शेवटच्या महिन्यात तुम्ही आतल्या खोलीत होतात. दुपारी मी पेज घेऊन आले. तुमचा मुलगा कचेरीत, घरात आपण दोघंच. चार चमचे झाल्यावर तुम्ही हाताने नको म्हणालात आणि छताकडे बघत विचारलंत, "ती तार तुटनी कशी नही, माय?"

माय म्हणालात. पहिल्यांदाच. मी चमचा वाटीत ठेवला. मला कळलं होतं तुम्ही काय विचारताय. इतकी बारीक तार, ताव न देता, कुठल्या भोकात, किती मेणाने, कशी सांभाळलीस, हे विचारत होतात. चोराला कुणी असं विचारत नाही, हेही मला त्याच क्षणी कळलं. मी म्हटलं, "माले काय ठाऊक आबा. मी सातवी शिकेल बाई." तुम्ही डोळे मिटलेत. रागावला नाहीत. जरा वेळाने म्हणालात, "बरं." आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

मला सांगता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं, वाटीत पेज निवायच्या आत झालं असतं. मी वाटी उचलली आणि मोरीत नेऊन घासत बसले, ती स्वच्छ झाल्यावरही.